पडकई : घोडनदीच्या खोऱ्यातील श्रमाचा आणि हक्काचा इतिहास

मंचरहून भीमाशंकराकडे जाणारा रस्ता घोडेगाव ओलांडून शिनोलीच्या शिवारात शिरतो, तेव्हा तो एका सीमेवर येऊन पोहोचलेला असतो. ही सीमा पावसाची आहे, पिकांची आहे, समाजरचनेची आहे आणि राज्यकारभाराचीही आहे. पूर्वेला कांदा, बटाटा आणि ऊस पिकवणारी पाटपाण्याची जमीन पसरलेली आहे. पश्चिमेला डिंभ्याचे धरण, त्यामागे सह्याद्रीच्या उतरत्या सोंडा, त्या सोंडांवर पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेली भातखाचरे आणि त्या खाचरांच्या आधाराने पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या महादेव कोळ्यांच्या वाड्या आहेत. आहुप्याच्या बाजूला उगम पावणारी घोडनदी या दोन्ही मुलखांना जोडते. परंतु नदीने जोडलेल्या या दोन प्रदेशांच्या वाट्याला आलेला इतिहास मात्र एकसारखा नाही. अलीकडे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची श्रमसंस्कार शिबिरे या परिसरात भरतात, झाडे लावली जातात, बंधारे घातले जातात, आणि 'पर्यावरणसेवा' हा शब्द तरुणांच्या तोंडी रुळला आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र ज्या भूमीची सेवा करावयाची, ती आजवर कोणी राखली, कोणत्या श्रमांनी राखली, आणि राखणाऱ्यांना त्याचे काय फळ मिळाले, हे समजून घेतल्यावाचून ती सेवा डोळस होणार नाही, असे माझे मत आहे. आणि या लेखाचे प्रयोजनही तेवढेच आहे.

या परिसरातील वृक्षारोपणाची परंपरा आपण समजतो त्याहून कितीतरी प्राचीन आहे. शिनोलीच्या उत्तरेस, जुन्नरच्या भोवती डोंगरांत जी लेणी कोरलेली आहेत, त्यांतील एका शिलालेखात एका शक उपासकाने करंजाची आणि वडाची झाडे लावण्यासाठी जमिनीचे उत्पन्न दान केल्याची नोंद आहे. ती जमीन किती निवर्तने (त्या काळचे जमिनीचे माप) होती, हेही त्यात सांगितले आहे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत, नाणेघाटाने कोकणच्या बंदरांकडे माल उतरत असताना, जुन्नरच्या व्यापारी श्रेणींना आणि परदेशातून येऊन येथे स्थिरावलेल्या श्रद्धावंतांना वृक्ष लावणे हे पुण्यकर्म वाटत होते, याचा हा कातळातील पुरावा होय. तथापि त्या लेखात दात्याचे नाव आहे; ज्यांनी खड्डे खणले आणि उन्हाळ्यात ओढ्याचे पाणी वाहून ती रोपे जगवली, त्यांचे नाव नाही. पुढील दोन सहस्र वर्षांच्या कागदपत्रांचीही हीच रीत राहिली. देणारा, आज्ञा करणारा, सारा वसूल करणारा दप्तरात आला. हाताने जमीन घडवणारा दप्तराबाहेर राहिला. म्हणून त्याचा इतिहास वाचावयाचा तर तो जमिनीवरच वाचला पाहिजे, आणि घोडनदीच्या खोऱ्यात तो वाचण्याचे सर्वांत स्पष्ट साधन म्हणजे पडकईने घडलेली खाचरे.

पडकई म्हणजे डोंगरउतारावर सामुदायिक श्रमाने भातखाचर तयार करण्याची रीत. घाटमाथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि तोही चार महिन्यांत. अशा पावसात उघड्या उतारावर नांगर घातला तर दोन-चार वर्षांत माती ओढ्यांतून नदीला मिळते आणि खाली केवळ कातळ उरतो. म्हणून नाचणी, वरई, खुरासणी ही पिके उतारावर आलटून पालटून घेत, मधली काही वर्षे जमीन पडीक ठेवून तिला विसावा देत हा समाज जगत आला. परंतु भात हवा असेल तर पाणी उभे राहिले पाहिजे, पाणी उभे राहण्यासाठी जमीन सपाट पाहिजे, आणि उतारावर सपाट जमीन ही माणसालाच निर्माण करावी लागते. एका कुटुंबाच्या हातून ते काम होणे अशक्य. म्हणून खरिपाची मळणी उरकली, घरात धान्य आले आणि हात मोकळे झाले, की वाडीतील कुटुंबे एकत्र येत, आणि आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या रानात पाळीपाळीने काम करीत. वरच्या अंगाची माती टिकाव-कुदळीने खणून खालच्या अंगाला ओढावयाची, निघालेल्या दगडांची ताल रचावयाची, पायाला मोठा धोंडा घालून वर लहान दगड सांधेमोड करून बसवावयाचे, पोटात मुरूम व चिपा भरावयाच्या, आणि जादा पाणी तालीला धक्का न लावता खालच्या खाचरात उतरावे म्हणून एका कोपऱ्याला सांडवा ठेवावयाचा, असा हा सारा क्रम होता. मजुरीचा व्यवहार नव्हता. ज्याच्या रानात काम, त्याच्या घरी त्या दिवशीचे जेवण, आणि इतरांच्या रानात तितकेच श्रम परत करण्याचे न लिहिलेले बंधन.

या कामात जे ज्ञान दडलेले आहे त्याचा विचार केला म्हणजे त्याला नुसते अंगमेहनतीचे काम म्हणवत नाही. उतार किती तीव्र असला म्हणजे तेथे हात लावू नये, पावसाळ्यात झरा कोठून फुटतो, कोणत्या जागेचा मुरूम पाणी पितो आणि कोणत्या जागेचा फुगून सरकतो, हिरड्याचे कोणते झाड बांधावर राखले म्हणजे त्याची मुळे तालीला धरून ठेवतील आणि फाल्गुन-चैत्रात बाळहिरडाही मिळेल, हे सारे अनुभवाने कळणारे शास्त्र होते. वाडीच्या माथ्यावरची देवराई अस्पर्श ठेवण्याचा नियमही याच शास्त्राचा भाग म्हणावा लागेल. कारण देवाच्या नावाने राखलेल्या त्या दाट रानातून झिरपणारे पाणी खालच्या खाचरांना पुरत असे. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा कोठे सुशिक्षित समाजाला या श्रद्धेतील परिस्थितिविज्ञान दिसू लागले.

इंग्रजी अमदानीत या व्यवस्थेवर पहिला मोठा आघात झाला. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची नेमणूक झाली. गिब्सन वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते, आणि जंगलतोडीने पाऊसपाण्यावर परिणाम होतो ही चिंता त्यांनी प्रामाणिकपणे मांडली, हे नमूद केले पाहिजे. परंतु जंगलाचा ऱ्हास कोणामुळे होतो, या प्रश्नाचे सरकारी उत्तर बहुधा एकच असे : डोंगरात राब भाजणारा आणि फिरती शेती करणारा आदिवासी. गलबतांसाठी आणि पुढे रेल्वेच्या स्लीपरांसाठी जे प्रचंड लाकूड गेले, त्याचा हिशेब त्या मानाने सौम्य शब्दांत मांडला गेला. १८७८ च्या वनकायद्याने राखीव व संरक्षित असे जंगलाचे वर्ग पडले. ज्या रानात चराई, जळण आणि हिरडा यांची वहिवाट होती, तेथे ती वहिवाट हक्क न राहता सरकारची सवलत झाली, आणि सवलत मोडली की गुन्हा झाला. दुसऱ्या बाजूने रोख साऱ्याच्या वसुलीने रयतेला सावकाराच्या दारी नेले. १८७३ पासून होन्या केंगले या महादेव कोळी नायकाने पुणे, नगर आणि ठाणे जिल्ह्यांच्या डोंगराळ भागातील सावकारांविरुद्ध जे बंड उभारले, आणि ज्याचा पाडाव १८७६ मध्ये मेजर डॅनियल याने त्याला पकडले तेव्हा झाला, त्याची नोंद सरकारी गॅझेटियरात दरोडेखोरी म्हणून आहे. घोडनदीचे हे खोरे ज्यात येते त्या आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात मात्र होन्याचे नाव आजही अभिमानाने घेतले जाते. जंगल आणि जमीन हातची गेल्याची वेदना त्या बंडाच्या मुळाशी होती, हे त्या काळाचा क्रम पाहिला म्हणजे सहज लक्षात येते.

हे सर्व घडत असताना त्याचा अर्थ सर्वांत स्पष्टपणे ओळखणारा पुरुष पुण्यातच होता, आणि त्याच्या सत्यशोधक समाजाची मुळे जुन्नर-ओतुराकडील शेतकऱ्यांत खोल गेली होती. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये सिद्ध केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जंगलखात्याने डोंगर, दऱ्या आणि गायराने गिळंकृत केल्यामुळे गरिबाच्या शेळ्यामेंढ्यांना चरावयास जागा उरली नाही, हा आरोप उघडपणे केला आहे. आणि त्याच ग्रंथात डोंगरावरून वाहून येणारा पालापाचोळ्याचा व मातीचा कस शेतात मुरावा म्हणून ताली-बंधारे बांधण्याची योजनाही मांडली आहे. माती, पाणी आणि न्याय हे तीन प्रश्न मिळून वस्तुतः एकच प्रश्न आहे, अशी जाणीव मराठीत इतक्या सुस्पष्टपणे त्यापूर्वी कोणी प्रकट केली असेल असे मला वाटत नाही.

याच जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील निग्रो गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केले होते. महाराष्ट्रातील शूद्रातिशूद्रांचे आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे दुःख एका सूत्रात पाहण्याची जी दृष्टी तेथे प्रथम व्यक्त झाली, तिचा ओघ पुढे थांबला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ च्या मार्च महिन्यात महाडला चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले, तेव्हा सार्वजनिक पाणवठा कोणाचा हा नैसर्गिक संपत्तीच्या वाटपाचाच प्रश्न त्यांनी ऐरणीवर आणला. आणि १९४६ मध्ये कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून उभय समाजांच्या स्थितीतील साम्याचा निर्देश केला. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, तिने नाव घेतले ते अमेरिकेतील ब्लॅक पँथर या संघटनेवरून. आणि तिच्या संस्थापकांपैकी नामदेव ढसाळ हे आंबेगावला लागून असलेल्या खेड तालुक्यातील पूर-कानेरसरचे. अमेरिकेतील पँथरांनी मुलांना सकाळची मोफत न्याहारी देण्याचे आणि वस्तीत दवाखाने चालवण्याचे काम केले होते. समाजसेवा ही हक्काच्या लढ्याचे अंग होऊ शकते, याचे ते एक ठळक उदाहरण होते.

त्याच काळात, १९७० च्या एप्रिल महिन्यात, म्हणजे अमेरिकेत पहिला वसुंधरा दिन साजरा झाला त्याच महिन्यात, नॅथन हेअर या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञाने 'ब्लॅक स्कॉलर' या नियतकालिकात कृष्णवर्णीयांच्या परिस्थितिकीवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे असे होते, की सुखवस्तू गोऱ्या समाजाला पर्यावरण म्हणजे दूरची अरण्ये आणि स्वच्छ सरोवरे वाटतात. दाटीच्या वस्तीत, धुराच्या छायेत, उंदरांच्या सोबतीने राहणाऱ्या माणसाचे पर्यावरण त्याहून भिन्न आहे, आणि ज्या सत्तासंबंधांनी त्याला तेथे आणून टाकले ते बदलल्याखेरीज पर्यावरणाचा प्रश्न सुटणार नाही. या विचाराची सत्यता १९८२ मध्ये उत्तर कॅरोलिनातील वॉरेन परगण्यात सर्वांना दिसली. विषारी रसायनाने दूषित झालेली माती मुख्यत्वे कृष्णवर्णीयांच्या वस्तीच्या प्रदेशात पुरण्याचा निर्णय झाला, तेव्हा लोक रस्त्यावर आडवे झाले आणि पाचशेहून अधिक माणसांना अटक झाली. १९८७ मध्ये तेथील एका ख्रिस्ती धर्मसंस्थेने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत घातक कचऱ्याच्या जागा कोठे असतील हे उत्पन्नापेक्षाही वंशावरून अधिक निश्चितपणे सांगता येते, असा निष्कर्ष निघाला. घोडनदीच्या खोऱ्याचा आणि वॉरेन परगण्याचा इतिहास एक नव्हे. एकीकडे दास्याचा वारसा आहे, दुसरीकडे जात, जमात आणि वनकायदा यांचा. परंतु विकासाचे ओझे कोणाच्या खांद्यावर आणि लाभ कोणाच्या पदरात, हा जो प्रश्न हेअर यांनी विचारला, तो शिनोलीच्या पश्चिमेला उभे राहून विचारला तरी तितकाच समर्पक ठरतो.

कुकडी प्रकल्पाचा भाग म्हणून घोडनदीवर डिंभ्याला धरण झाले. त्याची साठवणक्षमता सुमारे साडेतेरा अब्ज घनफूट आहे. त्याच्या जलाशयाला, याच तालुक्यातील महाळुंगे पडवळच्या आणि १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विलायती कापडाच्या मोटारीखाली प्राणार्पण करणाऱ्या हुतात्मा बाबू गेनूचे नाव दिले आहे. या पाण्याने पुणे, नगर आणि सोलापूर या जिल्ह्यांतील कोरडवाहू शेतांना जीवन मिळाले, याविषयी कृतज्ञताच वाटली पाहिजे. पण ज्या खाचरांना घडवण्यात कित्येक पिढ्यांची पडकई खर्ची पडली होती, तीच नदीकाठची उत्तम खाचरे त्या पाण्याखाली गेली. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले ते गावही बुडाले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्याच्या जुन्या मंदिराचे अवशेष वर येतात. अनेक कुटुंबे मूळ गाव सोडून दूर न जाता वरच्या उतारावर सरकली, आणि ज्यांनी नदीकाठी भात पिकवला होता त्यांना नव्या, अधिक तीव्र उतारावर पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागला. १९८५ मध्ये शेकरूच्या आणि सदाहरित रानाच्या रक्षणासाठी भीमाशंकर अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा तर खाली पाणी आणि वर अभयारण्य अशा दोन सरकारी रेषांमध्ये ही वस्ती सापडली.

या अवघड काळात कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांनी 'शाश्वत' या संस्थेद्वारे विस्थापितांत जे काम केले, त्याचे महत्त्व असे की त्यांनी लोकांना बाहेरची विद्या शिकवण्याऐवजी लोकांजवळच्या विद्येला मान्यता मिळवून दिली. बाजारी मजुरीच्या युगात पडकई मंदावली होती, कारण उपाशी माणूस महिनाभर बिनमजुरीच्या कामाला हात लावू शकत नाही. महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या प्रेरणेने १९७२ पासून रोजगार हमीचा जो प्रयोग केला होता, त्याच्याशी पडकईची सांगड घातली गेली, आणि स्वतःच्या शेतात, स्वतःच्या समूहाने केलेले जमीन घडवण्याचे काम सार्वजनिक कामाइतकेच मजुरीस पात्र ठरले. जलाशयाचे पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीत पीक घेणे, विस्थापितांची मच्छीमार सहकारी संस्था उभी करणे, ही कामेही त्याच विचारातून झाली. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या इक्वेटर पुरस्काराने या कामाची जागतिक दखल घेतली. पुढे शासनानेही पडकईला योजनेचे रूप दिले.

योजना झाल्याने पडकईचा प्रसार झाला, हे खरे. परंतु श्रमाच्या जागी यंत्र आले की श्रमाबरोबर असलेले ज्ञानही मागे पडण्याचा धोका असतो. ३० जुलै २०१४ च्या पहाटे याच तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गाडली गेली. त्या घोर आपत्तीच्या कारणांची चर्चा झाली तेव्हा अतिवृष्टीकडे, डोंगराच्या भूरचनेकडे आणि उतारावर यंत्राने केलेल्या सपाटीकरणाकडेही बोट दाखवले गेले. या चर्चेत पडकईलाच दोषी धरण्याची घाई काहींनी केली. पण हाताने, समूहाच्या संमतीने, उतार पारखून केलेली पडकई आणि ठेक्याने अल्पावधीत यंत्राकडून करवून घेतलेले खोदकाम यांना एकाच नावाने संबोधणे न्यायाचे नाही. आमडे येथे २०१७ मध्ये नवे माळीण वसले. त्या गावाचा शोक अभ्यासाचा विषय करताना शब्द जपूनच वापरावे लागतात. तरीही एवढे म्हटले पाहिजे, की तेथील वृद्धांना डोंगराविषयी जे ठाऊक होते त्याची नोंद आपल्या विद्यापीठांनी वेळीच करून ठेवावयास हवी होती.

हा इतिहास विद्यार्थ्यांच्या सेवेशी येथे येऊन मिळतो. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजनेचा प्रारंभ ३७ विद्यापीठांत झाला. १९७३ च्या दुष्काळात तिचे विद्यार्थी दुष्काळनिवारणाच्या कामाला भिडले, आणि पुढे वनीकरण हा तिच्या शिबिरांचा नेहमीचा विषय झाला. महाराष्ट्रात तर या योजनेच्या आधीपासून संत गाडगेबाबांचा खराटा, राष्ट्र सेवा दलाची पथके आणि बाबा आमट्यांची सोमनाथची श्रमसंस्कार छावणी यांनी श्रमाला प्रतिष्ठा मिळवून दिली होती. आज दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि दत्तक गावातील सात दिवसांचे निवासी शिबिर अशी या योजनेची रचना आहे, आणि शिबिरार्थीने आपल्या अनुभवाची दैनंदिनी लिहावी अशी अपेक्षा असते. अशा दैनंदिनीत बहुधा सूर्योदय, श्रमाचा आनंद, गावकऱ्यांचे आतिथ्य आणि निसर्गाचे सौंदर्य यांचे वर्णन येते. ते मनापासून लिहिलेले असते, आणि त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु गाव 'दत्तक' घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात नकळत अशी समजूत रुजते, की पर्यावरणाचे ज्ञान शहरातून खेड्यात जाते आणि खेड्याने ते कृतज्ञतेने घ्यावयाचे असते. पडकईचा इतिहास या समजुतीचे निराकरण करतो.

म्हणून घोडनदीच्या खोऱ्यात शिबिराला येणाऱ्या विद्यार्थ्याने पहिल्या दिवशी कुदळ हाती घेण्याआधी एखाद्या जुन्या तालीपाशी जाऊन ती कोणी, कधी, किती कुटुंबांनी रचली हे वाडीतील आजोबा-आजींना विचारावे आणि ते त्यांच्या नावानिशी, त्यांच्या संमतीने, दैनंदिनीत उतरवावे. ज्या जागेवर झाडे लावावयाची ती गायरान आहे, वनखात्याची आहे की कोणाची मालकी वहिवाट आहे, हे तलाठ्याच्या दप्तरात पाहावे. कारण सद्‌हेतूने लावलेल्या रोपवनानेही एखाद्याची चराई किंवा एखादीची जळणाची वाट बंद होऊ शकते. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला काय अधिकार दिले आहेत आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीवर गावाचा कोणता दावा मान्य केला आहे, हे त्याने शिकावे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाने तो दावा सिद्ध करून आपले वन आपल्या हाती घेतले, हे उदाहरण त्याच्यासमोर असावे. दाव्याला लागणारे नकाशे काढणे, देवरायांची आणि झऱ्यांची नोंद करणे, हिरड्याच्या झाडांची गणती करणे, ही कामे शिकलेल्या तरुणांना सहज साधणारी आहेत आणि गावाला त्यांची खरोखर निकड आहे.

यात झाडे लावण्याचे महत्त्व कमी होत नाही. उलट झाड जगण्याची शाश्वती वाढते, कारण ज्या रानावर गावाचा हक्क मान्य झालेला असतो ते रान गाव स्वतः राखते, आणि ज्या रानात गावालाच गुन्हेगार ठरवले जाते तेथे कितीही रोपे लावली तरी ती राखणारा कोणी राहत नाही. जोतीरावांनी डोंगरावरील ताली आणि गायरानावरील हक्क यांचा विचार एकाच ग्रंथात केला होता. शिनोलीच्या पश्चिमेकडील वाड्यांत सात दिवस श्रम करून परतणाऱ्या विद्यार्थ्याच्या दैनंदिनीत या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिहिलेल्या आढळू लागतील, तेव्हा आपल्या पर्यावरणशिक्षणाने जोतीरावांशी असलेले आपले नाते ओळखले, असे म्हणता येईल. आणि पडकईत जो नियम प्रत्येक कुटुंबाने पाळला, म्हणजे घेतलेल्या श्रमांची श्रमांनीच परतफेड करावयाची, तोच नियम डिंभ्याच्या पाण्यावर वाढलेल्या खालच्या सर्व मुलखाने या वाड्यांच्या बाबतीत पाळावयास आरंभ केला, असेही म्हणता येईल.